देवघरातली बाटली

निळा रंग मोडला होता, पण पुरता गेला नव्हता. काचनळीतल्या द्रावणाला कैरीच्या सालीसारखी हिरवी झाक आली होती. अनसूयेने नळी स्पिरिटच्या दिव्यावरून बाजूला घेतली, चुन्याच्या भिंतीसमोर धरली आणि तळाशी गाळ बसतो का ते पाहिले. बसत नव्हता. हिरवा म्हणजे लघवीत साखर आहे, पण थोडी. पिवळा म्हणजे जास्त. विटकरी रंग तिने एकदाच पाहिला होता, पुण्याच्या इस्पितळात, आणि तेव्हा तिचा नवरा शुद्धीवर नव्हता.

“काय शिजवताय वैनी? शाई व्हय?”

परसाच्या दारात दूधवाली निंगव्वा उभी होती. ती मूळची मंद्रूपची. आता गावाच्या कडेला म्हशी बांधून असे.

“लघवी तपासतेय. यांची.”

“अय्य शिवा!” निंगव्वाने चरवी खाली ठेवली. “ही असली भाजी न्हाय बगितली कुटं. बरं हाय न्हवं मालकांना?”

“आज बरं आहे.”

“मग हसा की वाईच. आजारी त्ये, अन् सुकलाय तुमीच लई.”

अनसूयेने दूध घेतले आणि नळी तीनदा विसळून फडक्यात गुंडाळली.

ओसरीवरून चिंतामणीचा आवाज आला. “कुठला रंग?”

“हिरवा.”

“म्हणजे पास.”

“काठावर.”

“काठावर तर काठावर. कोर्टात अर्धे कारकून काठावरचेच आहेत.”

तो कोर्टात कारकून होता. माघात त्याला तहान लागू लागली. रात्रीतून माठ रिकामा होई. महिन्याभरात सदरा खांद्यावरून घसरू लागला. सोलापूरच्या डॉक्टरांनी वेळ न घालवता पुण्याला न्यायला सांगितले. गाडीत तो बोलत होता. पुण्याच्या स्टेशनात उतरवताना बोलेनासा झाला. इस्पितळात त्याला इन्सुलिन टोचले आणि दोन दिवसांनी त्याने डोळे उघडून पाणी मागितले, ते साधे, घोटभर.

अनसूया लग्नाआधी पुण्यात बी.एस्सी. झाली होती आणि इथे मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत असे. म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या कुणाला न बोलावता तिलाच सुई धरायला शिकवले. पिचकारी कशी उकळायची, बाटलीच्या रबरी बुचातून औषध कसे ओढायचे, मांडीची कातडी चिमटीत कशी धरायची. शेवटच्या दिवशी त्यांनी तिला खोलीबाहेर बोलावले.

“हे औषध कशातून काढतात, ते तुम्हाला ठाऊक असेलच.”

“गुरांच्या स्वादुपिंडातून.”

“कसाईखान्यातून येतं ते. तुमच्या घरी सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगतो, सुई बंद पडली तर आठवडाही हाती लागणार नाही.”

तिने ठरवले होते, घरी पोचलो की सांगायचे. मग ठरवले, अंगात जरा ताकद आली की. मग पाडव्यानंतर. पाडवा होऊन गेला होता.

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत चिंतामणीला खोकला झाला होता. डॉक्टरांनी दिलेल्या गोड औषधाने तो आठ दिवसांत उतरत आला. मग कचेरीतल्या कुणीतरी सांगितले की त्यात माशाचे तेल असते. चिंतामणीने काही आरडाओरडा केला नाही. त्याने बाटली गटारात रिकामी केली, पंचगव्य घेतले, उपास केला आणि पुढे महिनाभर खोकत राहिला. “देहापायी देहाचे नियम कसे मोडायचे?” असे तो तेव्हा म्हणाला होता, अगदी शांतपणे. त्या शांतपणाची अनसूयेला सगळ्यात जास्त भीती वाटे. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते.

घरी आल्यावर पहिला प्रश्न आला तो बाटली ठेवायची कुठे. उन्हाने औषध बिघडते. चैत्रात सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या घराचा पत्रा सकाळीच तापायचा. घरात गार जागा एकच होती. देवघराला खिडकी नव्हती, खाली शहाबादी फरशी होती, आणि कोनाड्यात तर हात घातला की विहिरीच्या कठड्यासारखा गारवा लागे. अनसूया हे बोलून दाखवायच्या आधीच सासूबाईंनी, गोदावरीबाईंनी, बाटली मागून घेतली.

“दे इकडे. जिनं माझा मुलगा परत आणला, ती अशी फळीवर का ठेवायची? औषध म्हणजे गंगेचं पाणीच.”

त्यांनी बाटलीवर तुळशीचे पाणी शिंपडले आणि ती महादेवाच्या पिंडीच्या मागे कोनाड्यात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर एक फूलही दिसू लागले.

अनसूयेने तोंड उघडले होते. पण बाटली ठेवून सासूबाई वळल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर माघानंतर पहिल्यांदाच स्वस्थता होती. तिने तोंड मिटले.

मग रोजचा क्रम बसला. अनसूया परसात लघवी तपासायची. तिला शिवून ती ओवळी व्हायची, म्हणून देवघरात किंवा स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. गोदावरीबाई सोवळ्यात असायच्या. त्या बाटली आणून उंबरठ्यावर ठेवायच्या आणि मागे सरायच्या, मग अनसूया ती उचलायची. सुई टोचून झाली की अर्ध्या तासाच्या आत चिंतामणीच्या पोटात अन्न गेलेच पाहिजे. हे तिने सासूबाईंना पहिल्याच दिवशी दोनदा सांगितले होते. अन्न गेले नाही तर औषध रक्तातली आहे नाही ती साखर संपवते, आणि माणूस तासाभरातही जाऊ शकतो. औषध कमी पडले तर एक मरण, जास्त झाले तर दुसरे. या दोहोंच्या मधली वाट फार अरुंद होती आणि तिच्यावरून अनसूया दिवसातून दोनदा चालत होती.

ती भाकरीसुद्धा तोलून वाढायला लावी.

“सोनाराची लेक आहेस का गं?” गोदावरीबाई म्हणायच्या. “गुंजभर भाकरी, वालभर भाजी. माझ्या सासूनं बघितलं असतं तर म्हणाली असती, सून काय, तराजू आणलाय घरात.” पण तागडीत टाकलेला तुकडा कमी पडला तर स्वतःच दुसरा मोडून टाकायच्या.

चिंतामणी सुधारत होता. गालाची हाडे झाकत चालली होती. तो ओसरीवरून परसापर्यंत, मग परसातून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊ लागला. गोदावरीबाईंनी सोमवारी घरी अभिषेक ठरवला. चिंतूने यजमान म्हणून बसायचे, गोपाळभटजींनी सांगायचे. पुण्याहून तार यायची वाट पाहताना त्या महादेवाशी काहीतरी बोलल्या होत्या, ते फेडायचे होते.

“पूजेला किती वेळ लागेल?” अनसूयेने विचारले.

“एक आवर्तन. भटजी बसले की अर्ध्या तासात उठतील.”

“सुईनंतर यांना उपाशी ठेवता येणार नाही. मग मी सुई पूजेनंतरच देते.”

“आणि सुई उशिरा झाली तर चालतं का? तूच म्हणतेस, वेळ चुकायची नाही.”

हेही खरे होते. पहिल्या आठवड्यात एकदा सुईला उशीर झाला होता आणि दुपारी नळीत पिवळा रंग आला होता. अनसूयेने विचार केला. भटजी आले, पाटावर बसले, की सुई द्यायची. अर्ध्या तासात पूजा, लगेच पान. हिशेब बसत होता.

सोमवारी रंग हिरवाही नव्हता. निळ्यात नुसती हिरवी छटा होती. इतका चांगला रंग अजून आला नव्हता.

“कुठला?” चिंतामणीने विचारले.

“जवळजवळ निळा.”

“आई, ऐकलंस का? पहिला वर्ग!”

गोपाळभटजी उपरणे झटकत आले, पाय धुतले, पाटावर बसले, दर्भ मोजू लागले. अनसूयेने ओसरीवर चिंतामणीला सुई टोचली. त्याने पुन्हा अंगावर पाणी घेतले, सोवळे नेसले आणि देवघरात जाऊन बसला. ती परसात जाऊन पिचकारी उकळायला ठेवून आली आणि मधल्या घरात उभी राहिली, उंबरठ्याच्या अलीकडे.

भटजींनी संकल्प सांगायला घेतला. अनसूयेला संस्कृत फारसे येत नव्हते, पण आकडे कळत होते. अकरा आवर्तने. हातावरचे पाणी ताम्हनात पडले.

“सासूबाई, अकरा?”

गोदावरीबाईंनी जप धरला होता. बोलता येत नव्हते. त्यांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली आणि ओठांवर हसू आणले. ते हसू अनसूयेला अचूक कळले. अकराचाच नवस होता. मुलाला बसवेल की नाही म्हणून त्यांनी तो मनात दाबला होता. सकाळचा रंग ऐकून त्यांना वाटले, बसवेल. त्यांनी भटजींच्या कानात सांगितले असणार, ती परसात असताना.

“भटजी, यांना मध्ये काही खायला द्यावं लागेल.”

“संकल्प सोडलाय, बाई,” गोपाळभटजी मंत्राच्या दोन ओळींमध्ये म्हणाले. “आता देवाचा नैवेद्य झाल्याशिवाय यजमानाला पाणीसुद्धा नाही.”

“अनसूये, मला काही होत नाही,” चिंतामणी म्हणाला. “बरं वाटतंय.”

पहिले आवर्तन झाले. दुसरे झाले. अनसूया त्याच्या उजव्या हाताकडे पाहत होती. तो पळीने पिंडीवर पाणी घालत होता आणि धार सरळ पडत होती. तिसऱ्यात ती तुटू लागली. त्याच्या मानेवर घामाचे थेंब दिसले. देवघर गार होते. मग पाणी पिंडीच्या शेजारी पडले, आणि त्याला ते कळले नाही. भटजी म्हणाले, “नमः म्हणा.” तो हसला. त्याच्या त्या हसण्यात काही अर्थ नव्हता, लहान मूल झोपेत हसते तसे ते होते.

“म्हणा, नमः.”

“कुठे जायचंय?” चिंतामणी म्हणाला.

अनसूया उंबरठा ओलांडून आत गेली. पंचामृताच्या वाट्या चौरंगाशेजारी मांडल्या होत्या. तिने मधाची वाटी उचलली, त्याचा जबडा एका हाताने धरला आणि बोटाने मध त्याच्या गालाच्या आत चोळला. मग साखर. मग पुन्हा मध.

“शिवलीस!” गोदावरीबाईंचा जप तुटला. “अगं शिवलीस त्याला! देवाला शिवलीस! नैवेद्य उष्टा केलास!”

“काय हे, बाई,” भटजी पाटावरून उठलेच. “देवाच्या तोंडचं काढून नवऱ्याच्या तोंडी?”

“गिळा,” अनसूया म्हणत होती. “अहो, गिळा. गिळा.”

तो गिळत होता. काही गळ्यावरून सोवळ्यावर ओघळत होते. तिने त्याच्या मनगटावर बोटे ठेवली. नाडी इतकी जलद होती की मोजता येईना. किंवा तिलाच मोजता येत नव्हते.

हळूहळू त्याच्या डोळ्यांत तो परत आला. त्याने ओल्या सोवळ्याकडे पाहिले, मधाच्या वाटीकडे, आईकडे.

“भटजी, कितवं चाललंय?”

गोपाळभटजींनी पोथी गुंडाळली. “आज राहू दे,” ते म्हणाले. “माणूस राहिला तर पूजा केव्हाही करता येईल. पण गोदावरीबाई, जालीम आहे हो औषध तुमचं. सुईच्या टोकावर एवढं बळ.”

दुपारी जेवणे झाल्यावर चिंतामणी ओसरीवर आडवा झाला होता. अनसूया पायाशी बसून पंखा घालत होती. आत गोदावरीबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. सकाळपासून त्या सुनेशी बोलल्या नव्हत्या.

“भटजी म्हणाले ते खरं आहे,” चिंतामणी म्हणाला. “थोडं पोटात गेलं नाही तर इतकं होतं. मी विचारलंच नाही कधी. कुठल्या मुळीचं आहे गं ते?”

पंखा थांबला.

आजवर कुणी विचारले नव्हते, यावरच तिचे सगळे उभे होते. न विचारलेल्या गोष्टीवर गप्प बसणे आणि विचारल्यावर खोटे बोलणे, ही दोन्ही एक नव्हेत असे ती स्वतःला रोज सांगत आली होती. आता त्याने विचारले होते. ‘हिमालयातली मुळी’ एवढे म्हटले असते तर तो झोपी गेला असता.

“मुळीचं नाही.”

“मग?”

“आपल्या पोटात जठराच्या मागे एक ग्रंथी असते. तिच्यातून एक रस रक्तात उतरतो, म्हणून खाल्लेली साखर अंगी लागते. तुमच्या ग्रंथीतून तो येत नाही. गुरांच्या पोटातही तीच ग्रंथी असते. कसाईखान्यातून ती आणतात. तिच्यातून हे औषध काढतात.”

“गुरं म्हणजे?”

“बैल. गाईसुद्धा.”

आत सुपाचा आवाज बंद पडला होता.

चिंतामणीने मांडीवर हात ठेवला, जिथे सकाळी सुई टोचली होती. तो उठला, परसात गेला, रहाटाने पाणी ओढले आणि डोक्यावरून घेत राहिला. अंगात तेवढी ताकद त्या औषधानेच आली होती, हे अनसूयेच्या मनात आले आणि तिने ते मनातच ठेवले.

संध्याकाळी तिने पिचकारी उकळली. तो म्हणाला, “नको.”

“नाही घेतली तर पुन्हा तसंच होईल. आधी तहान, मग उलट्या, मग झोप. आणि त्या झोपेतून—”

“मला विचार करू दे.”

“विचाराला जेवढा वेळ लागतो तेवढा शरीर देत नाही.”

“तरी करू दे,” तो म्हणाला. तोच शांत आवाज.

गोदावरीबाईंनी बाटली पळसाच्या पानात धरून देवघरातून काढली आणि परसाच्या गडग्यावर ठेवली. मग त्यांनी कोनाडा धुतला, गोमूत्र शिंपडले आणि अंधार पडेपर्यंत देवांची भांडी घासत राहिल्या. अनसूयेने बाटली उचलली. दगड अजून दिवसभराच्या उन्हाने गरम होता. तिने मडक्यात वाळू भरली, ती भिजवली, बाटली मानेपर्यंत आत रोवली आणि मडके न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवले. औषध बिघडले की नाही ते डोळ्यांना दिसत नाही. ते पाण्यासारखे स्वच्छ होते, इतकेच तिला पाहता आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचनळीतला निळा रंग दिव्यावर धरताच फुटला. हिरवा झाला, लगेच पिवळा झाला, आणि मग तळापासून विटकरी उठला, दाट, चिखलासारखा. अनसूयेने नळी लाकडी चिमट्यातून सोडली नाही एवढेच.

“कुठला?” अंथरुणातून आवाज आला.

“विटकरी.”

तिने पिचकारी दाखवली. त्याने नकारार्थी मान हलवली. तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होता, पण झोपला नव्हता. कधी मांडी घालून बसे, डोळे मिटे, उघडे. दुपारी त्याने पाणी मागितले. मग पुन्हा. मग तांब्या उशाशीच ठेवून घेतला. गिरणीचा भोंगा झाला तेव्हा गोदावरीबाईंनी माठ वाकवून पाहिला. सकाळी गळ्यापर्यंत भरलेला माठ तळाला गेला होता.

त्यानंतरच्या सकाळी अनसूया तांब्या भरून त्याच्याजवळ वाकली आणि तिला तो वास आला. पिकून उतरू लागलेल्या फळांचा. कॉलेजात प्रयोगशाळेच्या शेवटच्या फळीवर अ‍ॅसिटोनची एक बाटली असे, तिचे बूच काढले की हाच वास सुटायचा. तेव्हा तिला तो आवडायचा. आता तो तिच्या नवऱ्याच्या श्वासातून येत होता, आणि श्वास खोल, ओढून घेतलेले होते. तिला त्या वासाचे नाव माहीत होते आणि तो कुठून येतो तेही. काहीच माहीत नसते तर बरे, असे तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटले.

ती परसात गेली आणि दगडावर बसली. गोदावरीबाई मागून आल्या आणि हातभर अंतरावर उभ्या राहिल्या.

“त्याच्या तोंडाला वास येतोय.”

“हो.”

“पुण्याला नेलंत त्या दिवशी पण येत होता. मला वाटलं, लंघनानं येतो.” त्या थांबल्या. “दुसरं काहीच नाही का गं? पाल्याचं, सालीचं? करकंबला माझ्या भावाच्या ओळखीचे वैद्य आहेत.”

“या अवस्थेत दुसरं काही नाही. असतं तर मी कुठूनही आणलं असतं.”

“ती गुरं यासाठीच मारतात?”

“नाही. ती मांसासाठी मारलेली असतात. हा भाग एरवी टाकून देतात.”

“म्हणजे आपण घेतलं नाही तरी ती मरायचीच.”

“हो. पण म्हणून ते शुद्ध होतं असं मी म्हणत नाही. मला त्यातलं कळत नाही.”

“मला कळतं,” गोदावरीबाई म्हणाल्या. “आजवर दुसरं केलं काय मी? पण ते सगळं माठाच्या तळाशी जाऊन बसलंय आता.” त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही, त्या रागावलेल्या दिसत होत्या. “तू मला सांगायला हवं होतंस. मी फुलं वाहिली त्याला.”

“हो.”

“सांगितलं असतंस तर काय केलं असतं मी?”

उत्तराची वाट न पाहता सासूबाई न्हाणीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा वाळूचे मडके त्यांच्या दोन्ही हातांत होते, नुसत्या हातांत, मध्ये पान नव्हते. ते घेऊन त्या मधल्या घरात गेल्या आणि माठाच्या तिवईखाली, ठिबकणाऱ्या पाण्याच्या जागी ठेवले.

“देवघरात नाही,” त्या म्हणाल्या. “पण इथे गार राहील.”

चिंतामणी उशीला टेकून हे पाहत होता. “आई, तुझं काय म्हणणं आहे?”

“मला विचारू नकोस. मी आई आहे. माझं उत्तर कुठल्या पोथीत नाही.” आणि त्या आंघोळीला निघून गेल्या.

अनसूया त्याच्याजवळ बसली. त्याचे ओठ फुटले होते. बोलताना दर चार शब्दांनी त्याला श्वास ओढावा लागत होता.

“पुण्यात मला का विचारलं नाहीस?”

“तुम्ही शुद्धीवर नव्हता.”

“नंतर होतो. इथे रोज होतो. रोज हसत होतो तुझ्याशी.”

“तुम्ही नाही म्हणाल अशी भीती होती.”

“म्हणालो असतो.”

“म्हणून.”

त्याने डोळे मिटले. ती त्याच्या छातीकडे पाहत होती, ती वर येते आणि खाली जाते का ते. बाहेर निंगव्वा दुधासाठी हाक मारत होती आणि कुणी उठले नाही.

“परवा पूजेत,” तो डोळे न उघडता म्हणाला, “मला काहीच कळत नव्हतं. तुझे हात तेवढे कळत होते. किती थरथरत होते. मला वाटलं, हिला कशाची एवढी भीती वाटतेय, विचारावं.”

“अजून वाटतेय.”

“मलाही वाटतेय. दोन दिवस मी नियमांचा विचार करतोय असं मला वाटत होतं. तो विचार नव्हता. भीतीच होती.” त्याने श्वास घेतला. “माशाच्या तेलाच्या वेळी नुसता खोकला होता गं. तेव्हा नाही म्हणताना काही पणाला लागलं नव्हतं.”

ती थांबून राहिली. तिने त्याला हात लावला नाही, काही सुचवले नाही. यावेळी ते त्याच्याच तोंडून यायला हवे होते, आणि एकेक श्वास तिला लांबत चाललेला ऐकू येत होता.

चिंतामणीने डोळे उघडले आणि धोतर मांडीवरून बाजूला सारले.

“मला जगायचंय,” तो म्हणाला. “सुई उकळायला ठेव.”